सतत फिरतीवर असणाऱ्याला काय द्यावं? उपयोगी गॅजेट्स, भेटी आणि सुरक्षेचं सामान

सावनी

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ रॅपिअर लूमचा (कापड विणायच्या यंत्रांचा) सर्व्हिस इंजिनिअर आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सुरत, मध्येच कधीतरी कोइमतूर असं त्याचं फिरणं चालू असतं. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस बाहेरच. बहुतेक प्रवास रात्रीच्या खाजगी स्लीपर बसने, थोडा रेल्वेने, विमान क्वचित. मुक्काम कारखान्याजवळ जो लॉज मिळेल तिथे.

पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे. या वेळी शर्ट किंवा परफ्यूम नको, रोज हाताशी लागेल असं काहीतरी द्यायचं आहे. बजेट ४००० रुपयांपर्यंत. एकच महाग वस्तू घेण्यापेक्षा दोन-चार कामाच्या वस्तू घेतल्या तरी चालेल. नेक पिलो त्याच्याकडे आहे, वापरत नाही. पॉवर बँक आहे, पण मागच्या वेळी घरी आला तेव्हा ती एका बाजूने फुगल्यासारखी दिसली. विचारलं तर म्हणतो, "चालतेय की अजून." रात्रीच्या बसची मला खूप काळजी वाटते, त्यामुळे सुरक्षेच्या बाजूनेही सुचवा.

अभय_र

सावनी, बाकी सगळं नंतर. आधी भावाला फोन करून ती पॉवर बँक आजच बंद करायला सांगा. फुगलीय म्हणजे आतल्या लिथियम सेलमध्ये गॅस झालाय. ती चार्जिंगला लावायची नाही, दाबून सपाट करायची नाही, उघडायची नाही, आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर तिथे पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

नवी घेताना दोन गोष्टी बघा. खोक्यावर आणि पॉवर बँकेवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाचा आहे ते लगेच कळतं. दुसरं म्हणजे 'रेटेड कपॅसिटी' हा बारीक अक्षरातला आकडा. २०००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्ष फोनला साधारण १२-१३ हजारच मिळतात, कारण आतला सेल ३.७ व्होल्टचा असतो आणि बाहेर ५ व्होल्ट द्यायचे असतात. शिवाय थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. यात कुणी फसवत नाही, हिशोबच तसा आहे.

विमानाचं म्हणाल तर मर्यादा एमएएचमध्ये नसते, वॉट-अवरमध्ये असते. १०० वॉट-अवरपर्यंत विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाहीच. २०००० ची पॉवर बँक (२० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट) ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे बसते. ३०००० ची १११ होते, तिथे अडवतात. आणि ती कायम केबिन बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानाला आग लागली, तेव्हा संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवरच गेला. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी नियम कडक केले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून.

भावासाठी १०००० ची, टाइप-सीवर स्वतः चार्ज होणारी आणि फोनही चार्ज करणारी, सपाट पॉवर बँक पुरेल. लॅपटॉपही त्यावर चार्ज करायचा असेल तरच २०००० ची आणि ६५ वॉटवाली घ्या. ती जड आणि महाग पडते.

मनीषा_के

अभय, रेल्वेत तर चार्जिंग पॉइंट असतात ना? मग एवढी मोठी कशाला?

अभय_र

असतात, पण आग लागू नये म्हणून रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवायच्या सूचना आहेत. अनेक डब्यांत ते ११० व्होल्टचे असतात, त्यामुळे काही चार्जर हळू चालतात. आणि स्लीपर बसमधल्या यूएसबी पॉइंटच्या भरवशावर तर राहूच नये.

दापोडीकर

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला होतो, आता निवृत्त आहे. रात्रीच्या स्लीपरचं वाचलं म्हणून लिहितो.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. बस डाव्या कुशीवर पडली होती, म्हणजे दरवाजा खाली दाबला गेला. जी थोडी माणसं वाचली त्यातली काही काच फोडून बाहेर आली. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला तसंच झालं, १२ माणसं गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंध्रात कर्नूलजवळ पुन्हा तेच.

सावनीताई, भावाला काच फोडायचा हातोडा द्या. बसमध्ये असायला हवा असा नियम आहे, पण बऱ्याच गाड्यांत नुसती खुंटी दिसते, हातोडा गेलेला असतो. तीन-चारशे रुपयांत चांगला मिळतो. मात्र काही गोष्टी समजून घ्या.

काच दोन प्रकारची असते. टफन्ड काच टोकदार मार बसला की बारीक तुकडे होऊन खाली येते. लॅमिनेटेड काचेत मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तिला तडे जातात, पण ती जागेवरच राहते. समोरची काच लॅमिनेटेड असते, तिच्यावर हातोडा मारण्यात वेळ घालवायचा नाही. बाजूच्या खिडक्या बहुतेक टफन्ड असतात. खात्री करायची तर काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचायचा, 'टफन्ड', 'टेम्पर्ड' की 'लॅमिनेटेड' ते त्यावर छापलेलं असतं. बसमध्ये चढल्यावर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मारायचं कुठे? मधोमध नाही. मध्ये काच थोडी लवते आणि मार खाऊन टाकते. चौकटीच्या जवळ, कोपऱ्यात मारायचं. फुटल्यावर उरलेली काच चादर गुंडाळलेल्या हाताने बाहेर ढकलायची, तीच चादर कडेवर टाकायची आणि मग उतरायचं.

स्नेहल_ना

काका, हे तुम्ही लिहिलंत फार बरं केलंत. मी दर महिन्याला नागपूर-पुणे करते. एक विचारायचं होतं. दाबला की 'टक' होऊन काच फुटते असे स्प्रिंगचे छोटे पंचही मिळतात, किल्लीच्या जुडग्याला लावायचे. ते बरे की हातोडा?

दापोडीकर

स्प्रिंगचा बरा, विशेषतः स्लीपरच्या बर्थमध्ये, कारण तिथे हात मागे घेऊन हातोडा फिरवायला जागाच नसते. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनधारकांच्या संस्थेने २०१९ मध्ये अशी ६ अवजारं तपासली. त्यातल्या ४ नी टेम्पर्ड काच फोडली, स्प्रिंगवाली जास्त भरवशाची निघाली आणि लॅमिनेटेड काच एकानेही फुटली नाही. मी तर म्हणेन, स्प्रिंगचा घ्या आणि सोबत सीटबेल्ट कापायचं पातं असलेला बघा. चारचाकीतही कामाला येतो.

पण तो बॅगेत खाली ठेवला तर काही उपयोग नाही. बर्थवर झोपताना उशाशी, खिडकीच्या बाजूला, हात जाईल तिथे हवा. आणि विमानाने जाताना चेक-इन बॅगेत टाकायचा, नाहीतर सिक्युरिटीला काढून घेतील.

अनघा_सीए

सावनी, बँकांच्या शाखांच्या ऑडिटसाठी मी तालुक्याच्या गावांत लॉजवर राहते, अनेकदा एकटी. या विषयावर मला बरंच सांगायचं आहे.

पहिली वस्तू कुणी सुचवत नाही, पण मी सगळ्यात वर ठेवीन: कार्बन मोनॉक्साइड अलार्म. लॉजच्या बाथरूममध्ये गॅस गीझर सर्रास असतो. खिडकी बंद, एक्झॉस्ट नाही किंवा बंद पडलेला. तिथे ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि आपल्याला वाटतं गरम पाण्याने थोडं गळून गेल्यासारखं झालं. थंडीच्या दिवसांत गॅस गीझरमुळे बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर वर्षी येतात. हिमाचल, काश्मीर, नेपाळला जाणाऱ्यांना खोलीतल्या हीटरचा तोच धोका. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथल्या रिसॉर्टमध्ये केरळचे ८ पर्यटक एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत.

अलार्म तळहाताएवढा असतो. घेताना 'ईएन ५०२९१' किंवा 'यूएल २०३४' हे मानक लिहिलेलं आणि पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती, त्याचा) आकडा दाखवणारा घ्या. स्वस्तातल्या बिनमानकाच्या खेळण्यांवर पैसे घालवू नका. सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं, बहुधा ५ ते १० वर्षं, मागे तारीख छापलेली असते ती बघा.

त्याची मर्यादाही लक्षात घ्या. ईएन मानकाप्रमाणे ५० पीपीएमला तो तास-दीड तासाने वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे तो झोपायच्या खोलीसाठी आहे, उशाजवळच्या टेबलावर ठेवायचा. लहानशा बंद बाथरूममध्ये वाफेत ठेवून त्याच्या जिवावर अंघोळ करायची नाही. तिथे एकच पद्धत: दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, हवा जाऊ द्यायची आणि मग दार लावून अंघोळ. भावाला हे नक्की सांगा. आणि हा अलार्म एलपीजीची गळती ओळखत नाही, त्याला वेगळा सेन्सर लागतो.

मनीषा_के

बापरे. गॅस गीझरचं माहीत होतं, पण असा खिशात मावणारा अलार्म मिळतो हे आज कळलं. अनघा, दाराच्या सुरक्षेसाठी काय वापरतेस? माझी मुलगी आता नोकरीसाठी फिरणार आहे.

अनघा_सीए

दाराखाली सरकवायची रबरी पाचर मिळते, तिच्यात अलार्म असतो. बाहेरून दार ढकललं की पाचरीवरची पट्टी दाबली जाते आणि १२० डेसिबलच्या आसपास कर्कश वाजते. दार आतल्या बाजूला उघडणारं असेल तरच चालते. गुळगुळीत टाइल्सवर ती घसरते, म्हणून मी तिच्याखाली ओल्या रुमालाची घडी टाकते. तेवढ्याने पकड येते. ती दार अडवून धरेलच असं नाही, पण आपल्याला जाग येते आणि आवाजाने शेजारच्या खोलीत कळतं. मला तेवढं पुरतं.

पोर्टेबल डोअर लॉक म्हणून जे धातूचं विकतात, तेही आत उघडणाऱ्या दारालाच बसतं आणि चौकटीत कुलपाची पत्र्याची खाच लागते. आपल्याकडच्या जुन्या लॉजमध्ये आडवी कडी असते, तिथे ते बसतच नाही. खोली घेताना कडी आणि वरचा बोल्ट लावून बघायचा, ढिला असेल तर खोली बदलून मागायची. मी मागते, आणि देतात.

मुलीला आणखी एक दाखवून ठेव. भारतात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण लागोपाठ ३ वेळा दाबलं की ११२ ला आपत्कालीन कॉल जाण्याची सोय द्यावी लागते. काही फोनमध्ये ती ५ वेळांवर असते किंवा सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. आत्ताच सेटिंगमधलं 'इमर्जन्सी एसओएस' उघडून बघा दोघी. पिन ओढली की वाजणारा छोटा पर्सनल अलार्म ३००-४०० रुपयांत मिळतो, तो पर्सच्या पट्ट्याला बाहेरून लावायचा.

पेपर स्प्रे आपल्याकडे चालतो, पण विमानात कुठल्याच बॅगेत नेता येत नाही, आणि इंग्लंड किंवा सिंगापूरला नेलात तर सरळ गुन्हा.

रत्नाकर_जोशी_मिरज

रेल्वेसाठी साखळी-कुलूप. स्टेशनबाहेर मिळतं, तेच घ्या. खालच्या बर्थखाली लोखंडी तारेच्या कड्या असतात, त्यातून साखळी ओवायची आणि बॅगेच्या हँडलमधून घ्यायची. चेनच्या दोन्ही सरक्यांना वेगळं छोटं कुलूप. चोराला उतरायच्या स्टेशनवर मिनिटभराचाच वेळ असतो, बांधलेली बॅग तो सोडून देतो. काही झालंच तर १३९, किंवा रेल मदद ॲप.

इलेक्ट्रिक केटल भेट देणार असाल तर ती लॉजवर वापरायला ठीक आहे. गाडीत लावायची नाही. रेल्वेत त्याला मनाई आहे आणि कारणही खरं आहे. ते पॉइंट मोबाईलपुरत्या भाराचे, ६०० वॉटची केटल लावली की वायरिंग तापतं.

यशोधन

बॅगेत टाकायचे ट्रॅकर टॅग कुणी सुचवले नाहीत अजून. मला विचाराल तर फिरतीवरच्या माणसाला याहून चांगली भेट नाही.

अभय_र

मला ते इथे पैसे वाया घालवणं वाटतं, आणि कारणासह सांगतो. या टॅगमध्ये जीपीएस नसतं. तो ब्लूटूथने जवळून जाणाऱ्या फोनला खूण पाठवतो आणि तो फोन कंपनीच्या सर्व्हरला जागा कळवतो. म्हणजे आजूबाजूला त्या जातीचे फोन भरपूर हवेत. ॲपलचा एअरटॅग आयफोन किंवा आयपॅडशिवाय चालतच नाही. अँड्रॉइडसाठी गूगलचं जाळं एप्रिल २०२४ पासून सुरू झालं, पण ते मुळातच 'फक्त गर्दीच्या ठिकाणी' अशा सेटिंगवर येतं. रात्री दोन वाजता धुळ्याच्या पुढे ढाब्यावर कुणी बॅग उतरवली तर टॅगला कोण दिसणार?

यशोधन

रात्रीच्या ढाब्याचं मान्य. पण बॅग तिथेच राहत नाही ना. चोर ती घेऊन गावात जातो, बसस्टँडवर जातो, तिथे फोन असतातच. शिवाय नुसत्या चोरीसाठी घ्यायचा नाही. बसच्या डिकीत कंडक्टरने बॅग चुकून दुसऱ्याला दिली, विमानातून सामान आलंच नाही, अशा वेळी 'माझी बॅग अजून कोइमतूरलाच आहे' हे काउंटरवर फोनवर दाखवता येतं आणि बोलणं लवकर संपतं. ॲपलने तर २०२४ च्या शेवटी टॅगची जागा विमान कंपनीला लिंकने कळवायची सोय दिली. भावाचा फोन अँड्रॉइड असेल तर जिओटॅग गो, आयफोन असेल तर एअरटॅग किंवा जिओटॅग एअर. आणि ते गर्दीचं सेटिंग बदलता येतं, 'सर्व ठिकाणी' करायचं.

सेलबद्दल एक: यात सीआर२०३२ बटन सेल लागतो. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्यांच्या सेलवर कडू लेप असतो, आणि तसे काही सेल एअरटॅगला चालत नाहीत. टॅग बंद पडला असं वाटून फेकू नका, दुसरा सेल घालून बघा.

अभय_र

सामान चुकण्याच्या बाबतीत तुझं पटलं, ते लक्षात घेतलं नव्हतं. ४००० च्या बजेटमध्ये मात्र तो माझ्या यादीत तिसरा-चौथाच येईल.

कविता_दुबई

आमच्याकडे येणारी मंडळी हा धागा वाचत असतील म्हणून लिहिते. दिवाळीच्या आधी प्रत्येकाची आई फराळ पाठवते आणि अनारशांना खसखस लावलेली असते, करंजीच्या सारणातही असते. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. अगदी घरच्या डब्यातली असली तरी चौकशी होऊ शकते, अटकही. सिंगापूरलाही बंदी आहे. अनारसे पाठवायचेच असतील तर खसखशीशिवाय थापा, दिसायला वेगळे दिसतील पण चवीला छान लागतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत टाकू नका. त्यात तेल जास्त, तापून आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्यांची गणना होते, आणि विमानतळावर काढून ठेवतात. भाजलेल्या चिवड्यात काप असतात ते वेगळं.

औषधांचंही तेच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या इथे आणायच्या तर आधी परवानगी लागते. डॉक्टरची चिठ्ठी मूळ पाकिटासोबत ठेवा.

अशा प्रवाशाला द्यायची उत्तम छोटी भेट म्हणजे हातात धरून बॅग वजन करायचा डिजिटल काटा. आणि युनिव्हर्सल ॲडॉप्टर. फक्त ॲडॉप्टर म्हणजे नुसता आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर '१००-२४०' लिहिलं असेल तर तो जगात कुठेही चालतो. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानात १००. तिथे आपला २३० चा हेअर ड्रायर लावला तर कोमट वाराच येतो.

मंदार_न्यूजर्सी

कविताताईंना अनुमोदन. माझाही एक प्रश्न आहे. नाशिकचा माझा चुलतभाऊ दर शनिवार-रविवार सह्याद्रीत ट्रेकला असतो. डिसेंबरात येतोय तेव्हा त्याच्यासाठी गार्मिनचं इनरीच आणायचा विचार आहे. मोबाईलला रेंज नसेल तिथून सॅटेलाइटवरून एसओएस जातो. इथे सगळे हायकर वापरतात.

कळसूबाईवाला

मंदार, ते मुळीच आणू नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि असे सॅटेलाइट मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे. त्यासाठी १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा लावत आले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर गार्मिनची उपकरणं सापडली म्हणून परदेशी पर्यटकांना ताब्यात घेऊन गुन्हे नोंदवले गेले. त्यातल्या एकीने तर बिचारीने इनरीच स्वतःहून स्कॅनरच्या ट्रेमध्ये काढून ठेवलेलं होतं. तुमच्या चुलतभावाकडे डोंगरात सापडलं तरी तोच त्रास. आयफोनमधली सॅटेलाइट एसओएसची सोयही भारतात चालू नाही.

त्याला द्यायचंच तर चांगला हेडलॅम्प द्या, लाल उजेडाची सोय असलेला, आणि पाण्यात चालणारी, आत गोटी नसलेली शिट्टी. शिट्टी कुणी भेट म्हणून देत नाही, पण धुक्यात हाका शंभर फुटांवर विरतात आणि शिट्टी पलीकडच्या सोंडेवर ऐकू जाते. मिनिटाला ६ वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा ६. डोंगरात संकटाची ही आंतरराष्ट्रीय खूण आहे. उत्तर देणारा मिनिटाला ३ वेळा वाजवतो. रात्री हेच बॅटरीच्या उजेडाने करता येतं. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांची हेल्पलाइन निघायच्या आधी फोनमध्ये घालून ठेवायची आणि परत कधी येणार ते घरी लिहून द्यायचं.

मंदार_न्यूजर्सी

हे अजिबात माहीत नव्हतं. अगदी वेळेवर सांगितलंत, ऑर्डर करायच्या बेतात होतो. हेडलॅम्प नक्की.

मनीषा_के

'आरएफआयडी ब्लॉकिंग' पाकिटं (आतलं कार्ड कुणी दुरून वाचू नये म्हणून असतात ती) घ्यावीत का? सगळीकडे जाहिरात दिसते.

अभय_र

गरज नाही. आपल्याकडे पिनशिवाय टॅप करून ५००० रुपयांपर्यंतच जातात, आणि बँकेच्या ॲपमध्ये कॉन्टॅक्टलेस बंद करायचं बटण असतं. ते बंद केलं की काम झालं. टीएसए कुलपांबद्दलही (अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा संस्थेकडे ज्यांची मास्टर किल्ली असते ती) एक सांगतो. अमेरिकेला जाणाऱ्या बॅगेला ती हवीत, म्हणजे तपासणीला कुलूप तोडत नाहीत. पण त्यांच्या मास्टर किल्ल्यांचे फोटो बाहेर पडून २०१५ मध्येच थ्रीडी प्रिंटरवर नकला निघाल्या. दागिने त्या भरवशावर बॅगेत ठेवू नयेत.

स्नेहल_ना

सावनी, फार पैशांचं नाही असं एक सुचवते. छोट्या झिपच्या पिशवीत ओआरएस, बँडएड, त्याच्या नेहमीच्या गोळ्या आणि रक्तगट-फोन नंबर लिहिलेलं कार्ड घालून दे. ओआरएस घेताना १ लिटर पाण्यात घालायची पावडरच घे, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. फळांच्या चवीची गोड पेयं 'ओआरएस' नावाने विकली जायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) त्या नावावर बंदी घातली. जुलाब होत असताना एवढी साखर पोटात गेली तर जुलाब वाढतात.

सावनी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी तपशिलात माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. भावाशी काल बोलले. फुगलेली पॉवर बँक त्याने बंद केली आणि कारखान्याच्या ई-कचऱ्यात दिली. हातोड्याचं सांगितलं तर आधी गप्प झाला, मग म्हणाला की त्याच्या नेहमीच्या बसमध्ये मागच्या खिडकीशी खुंटीच आहे, हातोडा नाही.

मी हे घेतेय: १०००० ची पॉवर बँक, स्प्रिंगचा काचफोड्या पट्टा कापायच्या पात्यासकट, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि रेल्वेची साखळी. स्नेहल म्हणते तशी पिशवी मी स्वतः शिवून देणार. टॅग पुढच्या वर्षी.

दापोडीकर काका, एक शंका. तो वरच्या बर्थवर झोपतो. उलटल्यावर वर-खाली काही कळणार नाही, अशा वेळी पंच कुठे बांधून ठेवायचा?

दापोडीकर

अंगावरच. मनगटाला किंवा पॅन्टच्या लूपला दोरीने बांधून झोपायचं, म्हणजे गाडी कशीही पडली तरी तो सोबत असतो. दोरी हातभर लांब हवी, काचेपर्यंत पोहोचेल अशी, त्याहून लांब नको, अडकते. पात्यावर झाकण असलेलाच घ्या. मिळालं तर भंगारवाल्याकडून गाडीची जुनी टफन्ड काच आणून, डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे घालून, अंगणात एकदा त्याच्याच हाताने फोडून बघू द्या. किती जोर लागतो तो हाताला कळला पाहिजे.

आणि त्याला सांगा, पुढच्या वेळी बसमध्ये चढला की त्या रिकाम्या खुंटीचा फोटो काढून ट्रॅव्हल्सच्या मालकाला पाठवायचा. गाडीचा नंबर दिसेल असा दुसरा फोटो सोबत. आठवड्यात हातोडा लागला नाही तर तेच दोन्ही फोटो घेऊन आरटीओकडे लेखी तक्रार करायची. अर्ज कसा लिहायचा ते हवं असेल तर मी मसुदा इथे टाकतो.

स्नेहल_ना

काका, मसुदा नक्की टाका. मीही माझ्या बसचे फोटो काढते या शुक्रवारी.